एसडब्ल्यूआय-प्रोलॉगचं टेबलिंग: आवर्ती क्वेरींसाठी कसं आहे?

प्रोलॉग ही तथ्यं आणि नियम लिहून प्रश्न (क्वेरी) विचारायची प्रोग्रॅमिंग भाषा. ‘इथून कुठे कुठे पोहोचता येतं’ हा आवर्ती, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा नियम साध्या प्रोलॉगमध्ये, आलेखात (नोड आणि त्यांना जोडणाऱ्या कडांच्या जाळ्यात) चक्र असलं की, फिरतच राहतो. एसडब्ल्यूआय-प्रोलॉग या तिच्या आवृत्तीत त्या प्रेडिकेटसाठी (एका नावाखालच्या नियमांसाठी) ‘टेबल’ घोषणेची एक ओळ लिहिली की तो थांबतो. हेच टेबलिंग: मिळालेली उत्तरं टेबलात साठवली जातात, तोच कॉल पुन्हा सोडवला जात नाही. एवढ्यासाठीसुद्धा ही सोय वापरावीच.

पण वेग ठरतो तो नियमाच्या मांडणीवर. १००० नोडची सरळ साखळी घ्या आणि पहिला नोड देऊन विचारा. आवर्ती कॉल आधी, कड नंतर अशी डावी मांडणी असेल तर एकच टेबल, ९९९ उत्तरं. उजव्या मांडणीत प्रत्येक नोडचं वेगळं टेबल: १००० टेबलं, ४,९९,५०० उत्तरं! साध्या प्रोलॉगमधली सवय नेमकी उलटी असल्यानं इथेच मेमरी संपते.

सर्वात कमी अंतर हवं असेल तर नियमातल्या अंतराच्या आर्ग्युमेंटला ‘मिन’ मोड (फक्त सर्वात लहान किंमत ठेवणारा) द्या, नाहीतर चक्रात अंतरं वाढतच जातात. तथ्यं चालू प्रोग्रॅममध्ये बदलणार असतील तर टेबल आणि डायनॅमिक (तथ्यं बदलू देणारी), दोन्ही घोषणांत ‘इन्क्रिमेंटल’ (बदलाप्रमाणे टेबल ताजं ठेवणारं) हवं. ते विसरलं तर शिळी उत्तरं येतात, तीही कुठलाही एरर न दाखवता.

कोट्यवधी कडांसाठी मात्र डेटालॉग या प्रोलॉगसारख्या भाषेतल्या नियमांचं सी++ करणारं सूफ्ले हे साधनच बरं.