शुक्रवारी परतायचं की रविवारी?

माझ्या मावसबहिणीला जूनमध्ये पॅरिसहून परतायचंय. ऑफिस हिंजवडीत, घर कोथरूडला. शुक्रवारी पहाटे मुंबईत उतरायचं की रविवारी, यावर तिचं तिकीट अडलंय.

सुट्टीचा हिशोब सरळ आहे. रविवारी आलं तर दोन दिवस जास्त फिरायला मिळतात. मात्र तिथे दोन रात्रींचं हॉटेल वाढतं.

खरा फरक झोपेचा. उन्हाळ्यात आपलं घड्याळ पॅरिसच्या साडेतीन तास पुढे असतं. पुण्यात सकाळचे सात म्हणजे शरीराच्या लेखी पहाटेचे साडेतीन! पूर्वेकडे येताना झोप लवकर आणावी लागते आणि ते बहुतेकांना जड जातं. जाताना त्रास झाला नाही, म्हणजे येतानाही होणार नाही असं समजू नका. त्यात मुंबई विमानतळ ते कोथरूड हा तीन-चार तासांचा प्रवास, पावसात घाट असेल तर जास्तच. रविवारी आलं तर सावरायला एकच रात्र हाती राहते.

घराचंही बघा. दूध, भाजी, बंद घराचा कुबट वास आणि न वाळणारे कपडे. पावसाळ्यात धुणं दोन दिवस घेतं.

रजा मोजकी असेल, सोमवारी घरून काम चालणार असेल आणि घरी आई-सासूबाई सांभाळून घेणाऱ्या असतील, तर रविवार. लहान मूल सोबत असेल किंवा सोमवारी स्वतः गाडी चालवत हिंजवडी गाठायची असेल, तर शुक्रवारच. माझ्या बहिणीला मी शुक्रवारच सांगितलाय.