प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय. आता डिसायफर, प्रोलॅरिस की बीआरसीए?

ऑपरेशन पार पडलं, पीएसए (प्रोस्टेटच्या रक्तचाचणीतला आकडा) खाली आला, तरी घरच्यांच्या मनातून एक प्रश्न जात नाही: कॅन्सर परत आला तर? मग कुणीतरी डिसायफर, प्रोलॅरिस, बीआरसीए अशा एखाद्या जनुकीय चाचणीचं नाव सुचवतं. या चाचण्या महागड्या आहेत, आणि सगळ्या एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट पुढ्यात घ्या.

त्यावरून कॅन्सर परतण्याचा धोका सांगणारा कॅप्रा-एस हा गुणांक फुकटात निघतो. समजा, ऑपरेशनपूर्वी पीएसए ८ होता: १ गुण. ग्लीसन (पेशी किती बिघडल्यात त्याची प्रत) ३+४: आणखी १. मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी सापडल्या: २. कॅन्सर ग्रंथीच्या आवरणाबाहेर, वीर्यकोशात किंवा लिम्फ नोडमध्ये गेलेला नाही: ०. बेरीज ४. बारापैकी ० ते २ कमी धोका, ३ ते ५ मधला, ६ पासून पुढे जास्त. आपला माणूस मधल्या गटात पडला, आणि डोकेदुखी याच गटाची असते.

इथे डिसायफर कामाला येते. काढलेल्या गाठीतल्या २२ जनुकीय खुणांची सक्रियता मोजून ती ० ते १ मधला आकडा देते. ०.४५ च्या खाली कमी धोका, ०.६० च्या वर जास्त. हा आकडा मुख्यतः कॅन्सर हाडांत किंवा इतरत्र पसरण्याची शक्यता सांगतो. नुसता पीएसए वाढणं वेगळं, कारण पीएसए वाढलेल्या प्रत्येकाचा कॅन्सर पसरतोच असं नाही. आरटीओजी ९६०१ या रुग्णांवरच्या अमेरिकी उपचार-अभ्यासातले जपून ठेवलेले नमुने नंतर डिसायफरने तपासले, तेव्हा रेडिएशनसोबत दिलेल्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांचा फायदा जास्त गुणांकवाल्यांत अधिक दिसला. म्हणजे आकड्यावरून उपचार बदलू शकतो. हा आकडा मुख्यतः पाश्चात्त्य रुग्णांवर पारखलेला आहे, एवढं मात्र लक्षात असू द्या.

प्रोलॅरिस पेशी किती वेगाने विभागताहेत ते बघते. त्यासाठी पेशीचक्राची ३१ जनुकं मोजते. ऑपरेशननंतरही ती करता येते, पण तिचा जास्त वापर बायोप्सीनंतर, ऑपरेशन करायचं की नुसतं लक्ष ठेवायचं हे ठरवताना होतो. ऑन्कोटाइपची १७ जनुकांची चाचणी तर बायोप्सीच्या तुकड्यावरच असते. ग्रंथी काढून झाल्यावर कुणी ती सुचवली तर कारण विचारा.

बीआरसीएचं प्रकरण निराळंच. ती रक्तावर किंवा लाळेवर होते आणि बीआरसीए नावाच्या जनुकांतला जन्मजात दोष शोधते. बीआरसीए२ मध्ये दोष असेल तर कॅन्सर आक्रमक असण्याची शक्यता वाढते, पण पुनरावृत्तीचा नेमका आकडा मिळत नाही. खरा उपयोग घराला: वडिलांत दोष निघाला तर तो मुलीतही असू शकतो, आणि मग तिला स्तनाच्या व अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका. घराण्यात असे कॅन्सर झाले असतील तर मी आधी हीच करायला सांगेन.

एरवी माझं मत असं: कॅप्रा-एस २ पर्यंत, मार्जिन स्वच्छ आणि पीएसए नगण्य, तर पैसे वाचवा आणि पीएसए वेळच्या वेळी एकाच लॅबमध्ये करा, लागोपाठ दोनदा ०.२ किंवा जास्त आला तर पुनरावृत्ती धरतात. लिम्फ नोडमध्ये कॅन्सर सापडला असेल तर पुढचे उपचार बरेचसे त्यावरूनच ठरतात. मधल्यांनी डिसायफरबद्दल जरूर विचारावं. आणि काहीही ठरो, गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) कुठे ठेवलाय ते पॅथॉलॉजी लॅबकडून आजच विचारून घ्या. डिसायफर आणि प्रोलॅरिस, दोन्ही त्याच्यावरच होतात.