तीन पेडलं, आठ महिने आणि पांढरी पाचची भुणभुण

गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची तीन पेडलं : ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारा), डिस्टॉर्शन (जास्त फाडणारा), डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारा). तिन्ही स्वस्तातली, 9 व्होल्टची. कोणता नॉब कशाचा, ते खोक्यावर छापलेलं आहे. पहिली तक्रार अडॅप्टरची : सोबत आलेला अडॅप्टर फेकायच्या लायकीचा.

एकाच अडॅप्टरवरून माळेच्या वायरीने तिन्ही जोडली की भुणभुण सुरू. अडॅप्टरमधून निसटलेली 100 हर्ट्झची लहर म्हणजे जवळपास हार्मोनियमची पांढरी पाच. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट 98 चा. भजन पांढरी पाचात असेल तर खपून जाते, काळी एकला कानात खुपते. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. भुणभुण गेली तर ती पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबक-वेटोळ्याची), गिटार घेऊन वळलं की कमी-जास्त होते. राहिली तर बहुधा अडॅप्टरची. वरून बारीक शिट्टी येत असेल तर ती डिलेच्या डिजिटल सर्किटची : सामाईक वायरीतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तिथला गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) तिला फुगवतो.

अँपची (अँप्लिफायरची) अर्थिंगची पिन मोडून भुणभुण घालवणारे गावोगावी आहेत. हे करू नका भाऊ. अँपमध्ये बिघाड झाला तर करंट थेट तारांवर येईल. त्यापेक्षा अर्थिंग बघा. मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, तसा अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. त्यात पाणी ओतत राहा.

सहा महिन्यांनंतरची भर : वर घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्या परत. तोच अडॅप्टर एकट्या डिलेला चालतो. बाकी दोन बॅटरीवर, आणि पूर्ण शांतता. ओव्हरड्राइव्ह 8 मिलिअँपिअरच्या आसपास खातो. 500 मिलिअँपिअर-तासांची अल्कलाइन बॅटरी 50 तास सहज जाते. मात्र वाजवून झालं की इनपुटची पिन काढायचीच. ती आत असेपर्यंत दिवा विझलेला असला तरी बॅटरी संपत राहते. डिले 60 च्या घरात खातो, त्याला बॅटरी लावणं म्हणजे पैसे जाळणं. लोडशेडिंगमध्ये बॅटरीवरची पेडलं चालू आणि अँप बंद, ही मजा वेगळीच.

आता आवाज. घरी एकट्याने वाजवताना डिस्टॉर्शनच जबरदस्त वाटतो. मांडणी बॉस कंपनीच्या 1978 च्या डीएस-1 पेडलसारखी : डायोड सिग्नलची टोकं सरळ ग्राउंडवर छाटतात, टोन मध्यावर ठेवला की मधले सूर खचतात. दुर्गा उत्सवाच्या मंडपात ढोलकी, बेंजो, कीबोर्ड सुरू झाले की तो गडप. ओव्हरड्राइव्हमध्ये डायोड ऑपअँप या सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या फीडबॅकमध्ये (बाहेरचा सिग्नल परत आत नेणाऱ्या वाटेत), म्हणून छाटणी मऊ. खालचे सूर कमी आणि 700 हर्ट्झच्या आसपास फुगवटा. घरी नाकात बोलल्यासारखा लागतो, मंडपात मात्र तोच ऐकू येतो. नॉबची खूण घड्याळाचा काटा समजून ड्राइव्ह 9 वाजता, टोन 12, लेव्हल 2 वाजता ठेवा. डिले ओव्हरड्राइव्हच्या नंतर, मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीला 375 मिलिसेकंद. आधी लावला तर प्रतिध्वनींचा चिखल.

पाचव्या महिन्यात डिस्टॉर्शनचा फूटस्विच अडकला. सर्व्हिसवाल्यांनी "बोर्ड बदलावा लागेल" म्हणत पेडलच्या निम्म्या किमतीचा आकडा सांगितला. बोर्ड धडधाकट होता! 9 पायांचा स्विच नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) शंभर-सव्वाशेत येतो. सोल्डर करताना एका पायावर 3 सेकंदांहून जास्त थांबू नका, आतलं प्लास्टिक वितळतं. आणि जुन्या जोडणीचा फोटो आधी काढा, नाहीतर दिवा लागेल आणि आवाज येणार नाही.