स्वस्तातला डेक: बोगल घ्यावा की इन्फेक्ट?

मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ शिकायला लागलं की पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला एक हौस होते: आपलं पिटुकलं क्रीचर (म्हणजे आपल्यासाठी लढणारं कार्ड) समोरच्याच्या डोळ्यांदेखत राक्षसाएवढं करायचं. ही हौस खेळाइतकीच जुनी आहे. जायंट ग्रोथ हे हिरवं कार्ड १९९३ च्या पहिल्या संचापासून आहे. एक मना (कार्ड टाकायचं चलन, ते लँड कार्डांतून मिळतं) द्या, त्या टर्नपुरतं कुठलंही क्रीचर +३/+३: पहिला आकडा मार देण्याचा, दुसरा मार सोसण्याचा. ही हौस कमी पैशांत भागवायची असेल तर पॉपर हा प्रकार बघा. त्यात फक्त कॉमन, म्हणजे सगळ्यात सहज मिळणारी कार्डं चालतात. किमान ६० कार्डांचा डेक, वर १५ चा सायडबोर्ड (दोन खेळांच्या मध्ये बदलायची कार्डं), आणि बेसिक लँड सोडून कुठल्याही कार्डाच्या चारच प्रती. हा प्रकार आधी मॅजिक ऑनलाइनवर रुजला. २०१९ मध्ये कंपनीने कागदी खेळासाठी आणि ऑनलाइनसाठी त्याची एकच अधिकृत यादी केली.

पॉपरमध्ये क्रीचर फुगवणारे डेक बरेच आहेत, पण नवा माणूस विचारायला येतो तेव्हा गाडी बहुतेक वेळा बोगल आणि इन्फेक्ट या दोघांवर येऊन थांबते. दोन्ही हिरवे, दोन्ही स्वस्त. दोघांचं ब्रीद एकच: एक क्रीचर धरा आणि सगळं त्याच्यावर ओता. दुरून जुळे भाऊ वाटतात, पण खेळायला बसलात की एकाचा दुसऱ्याशी काही संबंध राहत नाही. मी दोन्ही बांधले आणि दोन्ही घेऊन सडकून हरलोही आहे.

डेक निवडताना 'कोण जास्त जोरात मारतं' हे विचारू नका, दोघंही जोरातच मारतात. विचारायचं ते हे: ज्या क्रीचरवर सगळं लावलं तेच मेलं तर?

बोगलमध्ये ही वेळ सहसा येतच नाही. स्लिपरी बोगल आणि ग्लेडकव्हर स्काउट ही दोन्ही एक मनाची, १/१, दिसायला अगदीच किरकोळ क्रीचर. (बोगल म्हणजे स्कॉटलंडकडच्या लोककथांतलं भूत, आपल्या मुंजाचा लांबचा भाऊ म्हणा.) पण दोघांना हेक्सप्रूफ आहे, म्हणजे समोरच्याला त्यांच्यावर नेम धरून काही टाकताच येत नाही. लाइटनिंग बोल्ट, म्हणजे ३ चा मार देणारं लाल कार्ड, हातात धरून तो नुसता बसून राहतो. जोडीला दोन मनाची सिल्हाना लेजवॉकर. तिलाही हेक्सप्रूफ, आणि उडणाऱ्या क्रीचरशिवाय तिला कोणी अडवू शकत नाही.

मग या भुताला दागिने घालायचे, म्हणजे ऑरा चढवायच्या (ऑरा म्हणजे दुसऱ्या कार्डाला चिकटून टेबलवर राहणारी एन्चांटमेंट). हिशेब करून दाखवतो. पहिल्या टर्नला लँड आणि बोगल. दुसऱ्या टर्नला रँकर आणि एथिरियल आर्मर, दोन्ही एकेक मनाची. रँकर +२/+० आणि ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला पुरून उरलेला मार खेळाडूला बसतो) देतं. आर्मर तुमच्या प्रत्येक एन्चांटमेंटमागे +१/+१ आणि वर फर्स्ट स्ट्राइक (लढाईत आधी मार देणं) देतं. एन्चांटमेंट झाली दोन, म्हणून बोगल ५/३. मारले ५. तिसऱ्या टर्नला आर्माडिलो क्लोक: आणखी +२/+२, ट्रॅम्पल, आणि जेवढा मार देईल तेवढं तुमचं आयुष्य वाढतं. आता एन्चांटमेंट तीन, बोगल ८/६. समोरचा सुरुवातीच्या २० आयुष्यांवरून ७ वर आला, तुम्ही २० वरून २८ वर गेलात. चौथ्या टर्नला तोच हल्ला पुन्हा केलात की खेळ संपला. क्लोकऐवजी अँसेस्ट्रल मास्क (इतर प्रत्येक एन्चांटमेंटमागे +२/+२) असेल तर बोगल १०/८ होतो.

लाल डेक घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा क्लोक टेबलवर पडताना एकदा बघाच. त्याने तीन टर्न घासून काढलेलं आयुष्य एका हल्ल्यात भरून निघतं.

इन्फेक्टचं गणित वेगळं आहे. हा गुण असलेल्या क्रीचरचा मार खेळाडूच्या आयुष्यातून जात नाही, विषाच्या काउंटरच्या रूपात साठतो. १० काउंटर झाले की माणूस हरला, मग त्याचं आयुष्य २० असो की २००. म्हणजे तुम्हाला २० नाही, १० च गाठायचे आहेत. प्रत्येक +४ ची किंमत दुप्पट. हा गुण २०१० च्या स्कार्स ऑफ मिरोडिन संचात आला. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं कॉमन, ग्लिसनर एल्फ, पुढच्या वर्षी न्यू फायरेक्सियात आलं: एक हिरवा मना, १/१.

उत्तम हात कसा असतो ते बघा. पहिल्या टर्नला फॉरेस्ट, एल्फ. दुसऱ्या टर्नला दुसरं फॉरेस्ट टाका आणि हल्ला करा. समोर अडवायला कोणी नाही. एका मनाचं ग्राउंडस्वेल. एरवी ते +२/+२ देतं, पण त्या टर्नला तुम्ही लँड टाकली असेल तर +४/+४. दुसरं ग्राउंडस्वेल. एल्फ ९/९. मना संपला, मग म्युटाजेनिक ग्रोथ: मनाऐवजी २ आयुष्य देऊनही ते टाकता येतं, +२/+२. झाले अकरा. दुसऱ्याच टर्नला खेळ खलास.

आणखी एक कार्ड होतं, इनव्हिगोरेट. तुमच्याकडे फॉरेस्ट असेल तर मना न देता +४/+४, बदल्यात समोरच्याला ३ आयुष्य मिळणार. इन्फेक्टला त्याच्या आयुष्याशी काय देणंघेणं? म्हणजे कार्ड फुकटच. २०१३ मध्ये पॉपरमधून त्यावर बंदी आली, ते बरंच झालं. जुन्या याद्या बघून डेक बांधणारे अजूनही ते घेऊन येतात आणि टेबलवर हिरमुसतात.

पण वरचा हात कितीदा येतो? एल्फच्या प्रती चार. ६० मधून सात कार्डं उचलल्यावर त्यात किमान एक एल्फ असण्याची शक्यता साधारण ४० टक्के. बाकीच्या वेळी दोन मनाच्या इकॉरक्लॉ मिर किंवा ब्लाइट माम्बावर भागवायचं, म्हणजे एक टर्न उशीर. मिर वाईट नाही, त्याला अडवलं तर ते स्वतःच +२/+२ होतं. बोगलची तीच बाजू बघितली तर एक मनाची हेक्सप्रूफ क्रीचर आठ, म्हणजे पहिल्या हातात एक तरी असण्याची शक्यता ६५ टक्के. चार लेजवॉकर धरून बारा केली तर ८१. उरलेल्या हातांत सुंदर दागिने असतात आणि घालायला कोणी नसतं. असा हात ठेवायचा नाही. मोह फार होतो, पण सरळ मुलिगन घ्या, म्हणजे हात परत करून नवा उचला. माझे बोगलचे निम्मे पराभव 'एखादं क्रीचर येईलच की पुढच्या टर्नला' या आशेवर ठेवलेल्या हातांचे आहेत.

आता मरणाचा प्रश्न. इन्फेक्टच्या क्रीचरना हेक्सप्रूफसारखं संरक्षण नाही. मी अगदी सुरुवातीला केलेली चूक सांगतो, कारण ती प्रत्येक जण करतो. एल्फने हल्ला केला. समोरच्याकडे एक लाल लँड मोकळी होती. मी उत्साहात लगेच ग्राउंडस्वेल टाकलं. त्याने त्याला उत्तर म्हणून लाइटनिंग बोल्ट टाकला. मॅजिकमध्ये शेवटी टाकलेलं आधी घडतं, म्हणून बोल्ट आला तेव्हा एल्फ अजून १/१ च होतं. एल्फ मेलं आणि ग्राउंडस्वेलला लागू व्हायला कोणी उरलं नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

बरोबर पद्धत अशी: हल्ला करा, अडवायचं की नाही हे समोरच्याला ठरवू द्या, आणि शक्य असेल तर पहिली चाल त्यालाच करू द्या. त्याने बोल्ट टाकला की तुम्ही उत्तर म्हणून व्हाइन्स ऑफ वास्टवुड टाका. एका मनात ते त्या टर्नपुरतं क्रीचरला विरोधकाच्या नेमापासून वाचवतं, आणखी एक हिरवा मना दिला तर +४/+४ सुद्धा देतं. त्याचा बोल्ट वाया आणि तुमचं क्रीचर मोठं. इन्फेक्ट खेळण्यातली सगळी गंमत या एका क्षणात आहे. दोन फॉरेस्ट मोकळी ठेवून नुसत्या १/१ ने हल्ला केलात तरी समोरच्याला घाम फुटतो. हातात चार लँडच असतील, पण त्याला ते कुठे माहीत?

ज्यांना ही थापेबाजी जमत नाही, आवडत नाही, त्यांनी इन्फेक्टच्या वाटेला जाऊ नये. दुसरी अडचण अशी की इन्फेक्टमध्ये अर्धवट काम म्हणजे शून्य काम. सात विषं देऊन दम संपला तर समोरचा २० आयुष्यांसह ठणठणीत बसलेला असतो. बोगलने निदान त्याला सातवर आणलेलं असतं. शिवाय ट्रॅम्पल नसेल तर एक फुसकं टोकन (दुसऱ्या कार्डाने बनवलेलं क्रीचर) पुढे करून तो तुमचे अकराचे अकरा गिळतो. म्हणून इन्फेक्टमध्येही रँकर हवंच.

बोगलला एल्फसारखं मरण नाही, पण त्याचंही एक मर्मस्थान आहे. हेक्सप्रूफ नेम धरण्यापासून वाचवतं. 'तू तुझं एक क्रीचर बळी दे' असं म्हणणारं कार्ड क्रीचरवर नेम धरतच नाही, ते खेळाडूवर धरतं. चेनर्स एडिक्ट हे त्यातलं गाजलेलं. टेबलवर एकच बोगल असेल तर द्यायला दुसरं कोण आहे? तीन ऑरांसकट भूत उतरलं. यावर जुना उतारा म्हणजे एखादं बुजगावणं जवळ ठेवणं. कार्टूश ऑफ सॉलिडॅरिटी ही ऑरा सोबत एक योद्धा टोकन देते, खालनी गार्डन ही लँड एक रोपटं देते. एडिक्ट आलं की रोपट्याचा बळी. पण २०२४ च्या मॉडर्न होरायझन्स ३ मध्ये अकर्स्ड मरॉडर आलं, आणि ते बळी मागतं तो टोकन नसलेल्याच क्रीचरचा. रोपटं कामाला येत नाही. तेव्हापासून काळ्या डेकसमोर बोगल काढताना मी दुसरं खरं क्रीचर खाली येईपर्यंत दागिने हातातच ठेवतो. त्यात वेग जातो, पण इलाज नाही.

दोघांचाही सामायिक शत्रू म्हणजे स्टँडर्ड बेअरर, दोन मनाचा पांढरा निशाणवाला. तो टेबलवर असेल तर नेम धरणाऱ्या तुमच्या प्रत्येक कार्डाला त्याच्याकडेच वळावं लागतं. तुमचं रँकर त्याच्या अंगावर. बोगलला आधी काही चढवलेलं असेल तर तो निदान तेवढ्यावर मारत राहतो, इन्फेक्टचं मात्र दुकानच बंद.

पैशांचं बोलू. महागडी कार्डं दोन्हीत जवळपास नाहीत. इन्फेक्टचं लँडचं काम नुसत्या फॉरेस्टवर भागतं, आणि ती कोणीही मूठभर फुकट देतं. बोगलला हिरवा आणि पांढरा असे दोन रंग लागतात, पण युटोपिया स्प्रॉल हे बरंचसं सांभाळतं आणि स्वतः एन्चांटमेंट असल्याने आर्मरच्या हिशेबातही धरलं जातं. खरा खर्च कार्डांचा नाही, ती इथवर येण्याचा. परदेशातून एकट्याने वीस कार्डं मागवलीत तर कुरिअर आणि सीमाशुल्क मिळून कार्डांपेक्षा जास्त होऊ शकतं. चार जण मिळून मागवा, किंवा जुन्या खेळाडूंच्या खोक्यात हात घाला. आपल्याकडे ज्याने कधी पॅकेटं फोडली आहेत त्याच्या घरी कॉमनचा ढीग पडून असतोच, आणि बायकोची किंवा आईची तो काढून टाकायला कधीच हरकत नसते.

एक बारकावा. कार्डावरचं संचाचं चिन्ह काळं असेल तर ते सहसा कॉमन, रुपेरी असेल तर अनकॉमन. पण रुपेरी दिसलं म्हणून कार्ड टाकून देऊ नका. ते कधीतरी कुठल्या संचात कॉमन म्हणून आलेलं असेल तर कुठलीही छपाई चालते. रँकर १९९९ च्या उर्झाज लेगसीत कॉमन होतं, मॅजिक २०१३ मध्ये अनकॉमन झालं. दोन्ही पॉपरमध्ये चालतात. जे स्वस्त मिळेल ते घ्या.

तिसरा पर्याय थोडक्यात सांगतो, कारण कोणीतरी विचारतंच: पांढरा हिरोइक. थेरॉस संचांतली अक्रोअन स्कायगार्ड, लगॉना-बँड ट्रेलब्लेझर ही क्रीचर तुम्ही त्यांच्यावर नेम धरलात की कायमची +१/+१ वाढतात. गॉड्स विलिंगने त्यांना हव्या त्या रंगापासून वाचवायचं. हा डेक बोगल आणि इन्फेक्टच्या मध्ये बसतो आणि खेळायला दोघांपेक्षा अवघड आहे. आधी यातला एक खेळून घ्या, मग बघा. नुसती हिरवी स्टॉम्पी ज्यांना आवडते त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नसते, ते क्रीचर टाकतात आणि आडवी करतात.

मग घ्यायचा कुठला? तुमच्या टेबलवर कोण बसतं ते आठवा. लाल आणि हिरवे डेक जास्त असतील तर डोळे मिटून बोगल. काळे डेक दोन-तीन असतील तर बोगल घेऊन रोज रडाल, त्यापेक्षा इन्फेक्ट बरा. त्यांच्याकडेही मारायची कार्डं भरपूर असतात, पण एल्फ गेलं तर फक्त एल्फ जातं, तीन टर्नची मेहनत जात नाही. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलासोबत खेळायचं असेल तर बोगलच. ट्रंप कार्डांवर वाढलेल्या कोणालाही तो पाच मिनिटांत कळतो: आकडा मोठा करायचा आणि मारायचं. आणि संध्याकाळी दोनच तास मिळत असतील, पाच-सहा खेळ हवे असतील, हरलात तरी झटपट हरायचं असेल, तर इन्फेक्टसारखं दुसरं काही नाही.

मला विचाराल तर मी आज नव्याने सुरुवात केली असती तर बोगल बांधला असता आणि सहा महिन्यांत कंटाळून इन्फेक्टकडे वळलो असतो. बोगलमध्ये तुम्ही समोरच्याशी खेळतच नाही, एकटेच पेशन्स लावत बसता. सुरुवातीला ते सोयीचं असतं, नंतर टोचायला लागतं. रँकरच्या चार प्रती मात्र आजच घेऊन ठेवा, त्या दोन्हीकडे लागतात. आणि रँकर चढवताना समोरच्याची मोकळी लँड बघून घ्या. टेबलवरून मेलं तर ते तुमच्या हातात परत येतं, पण चढायच्या आधीच खालचं एल्फ मारलं गेलं तर ते टेबलवर आलेलंच नसतं. मग ते सरळ ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) जातं आणि परत येत नाही.