झोपेच्या क्लिनिकमधल्या पाच भेटी

पहाटे साडेचारला माझा पहिला गॅस पेटतो. नाशिकला इंदिरानगरात 22 वर्षं मी डबे करते, सध्या 46 डबे आहेत. गेल्या वर्षी पाळी थांबली आणि झोप उडाली. रात्री नऊला अंग टाकायचे, पण डोळा लागायचा नाही, लागला तरी दोनला उघडायचा. गल्लीतला गुरखा दोनला आणि साडेतीनला काठी आपटत जातो, हे मला पाठ झालं होतं.

जायफळाचं दूध झालं, काशाच्या वाटीने तळपाय घासून झाले, नणंदेने दिलेलं ब्राह्मी तेल झालं. मग डॉक्टरांनी दिलेली अर्धी गोळी आठ महिने चालली. तिने झोप यायची, पण सकाळी कणकेत मीठ घातलं की नाही ते आठवायचं नाही, आणि एखाद दिवशी चुकली की रात्रभर टक्क जागी.

शेवटी भाचीने गंगापूर रोडच्या एका क्लिनिकचा पत्ता दिला. तिथे निद्रानाशावर सीबीटी-आय नावाची, झोपेच्या सवयी आणि विचार बदलायची उपचारपद्धत करतात. पाच भेटी झाल्या. माझ्यासारख्या ज्या बायकांना संध्याकाळ झाली की अंथरुणाची धास्ती वाटते, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय.

पहिली भेट पाऊण तासाची. मॅडमनी आधी सगळं खोदून विचारलं. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, रात्री पायात वळवळ होते का, थायरॉइड कधी तपासलं, फिट आली होती का, गोळी कोण देतं. आठवड्यातून तीन रात्री तरी आणि तीन महिन्यांहून जास्त असं चाललं असेल तर तो जुना निद्रानाश, असं त्यांनी सांगितलं. सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. 28 पैकी माझे 19 आले. गोळीच्या आधी हा उपचार करून बघावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिकडच्या डॉक्टरांच्या संस्थेने 2016 मध्येच सांगितलंय म्हणे. मला मात्र कोणी सुचवलं नव्हतं, याचं वाईट वाटलं. गोळी त्यांनी एकदम बंद करू दिली नाही. माझ्या डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी केली.

मग आठवडाभर रोज सकाळी वहीत लिहायचं, कधी पडले, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठले. हिशोब निघाला तो असा की अंथरुणात साडेसात तास आणि झोप जेमतेम पाच. मला वाटलं आता लवकर पडायला सांगतील. मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्ही रात्री 11 च्या आधी अंथरुणाला पाठ टेकायची नाही. उठायचं मात्र रोज साडेचारलाच, रविवारीसुद्धा."

मी अवाक झाले. पण त्यांनी समजावलं ते पटलं. जागं राहू तसतशी झोपेची भूक साठत जाते. दुपारी दोन ते साडेतीन माझी वामकुक्षी व्हायची, त्यात ती भूक तिथेच भागायची. संध्याकाळी सातचा चहा वेगळाच. त्यातलं निम्मं कॅफिन अंगातून जायला पाच तास तरी लागतात, म्हणजे मध्यरात्रीही ते निम्मं उरतंच. आणि डब्यांचे हिशोब मी पलंगावर बसून करायचे, तिथेच उधारीची काळजी करायचे. पलंग म्हणजे जागायची जागा, हेच मेंदूने धरून ठेवलं होतं.

पहिले दोन आठवडे फार कठीण गेले, हे मी लपवत नाही. दहा वाजता मान पुढे गळायची. मी हॉलमध्ये मंद दिव्याखाली दुसऱ्या दिवशीचा लसूण सोलत बसायचे. साली उडतात म्हणून पंखा बंद, त्यात अंगातून वाफा निघायच्या. डोळे मिटायला लागले की उठून उभी राहायचे. पडल्यावर साधारण वीस मिनिटांत झोप नाही आली तर पुन्हा बाहेर येऊन लसूण. घड्याळ बघायचं नाही, म्हणून ह्यांनी भिंतीवरचं घड्याळच काढून ठेवलं. त्या दिवसांत गाडी चालवायची नाही, अशी सक्त ताकीद होती, म्हणून डबे मुलाने पोचवले.

अकराव्या रात्री मी पडले आणि एकदम गजरच ऐकला. गुरखा आला होता का, म्हणून ह्यांना विचारलं. दोन्ही वेळा आला होता. मी चुलीपाशी उभी राहून रडले.

पुढच्या नोंदीत साडेपाच तासांपैकी चार तास पन्नास मिनिटं झोप, म्हणजे 88 टक्के. 85 च्या वर गेलं की पंधरा मिनिटं वाढवून मिळतात. तसं करत आता सव्वादहाला पडते. पाचव्या भेटीत तोच कागद पुन्हा भरला, 9 आले. एखादी रात्र अजून जाते वाईट, पण दुसऱ्या दिवशी मी दुपारी आडवी होत नाही आणि घाबरतही नाही.

तक्रारी दोन. नोंदीचा कागद नुसता इंग्रजीत आहे. मी वहीत मराठीत रकाने आखून घेतले, पण सगळ्यांना ते जमणार नाही. मराठी कागद छापावा, ही कळकळीची विनंती. आणि क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघेदुखीवाल्यांनी फोनवर भेट मागावी, तिसरी भेट माझी तशीच झाली.

पहिल्या भेटीचे 1200 रुपये, पुढच्या प्रत्येकी 800. वेळ दुपारी 12 ते 4, म्हणजे डबे गेल्यावर जाता येतं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, मॅडम प्रत्येक पाकिटावरचं नाव वाचून बघतात.