जोडीचं कार्ड म्हणून खोक्यात दुसरंच

एसएलआय, म्हणजे एनव्हिडियाची दोन ग्राफिक्स कार्डं जोडून एकत्र चालवणं, करायला दुसरं कार्ड शोधणारा माणूस ठगाला आयता सापडतो, कारण त्याला कुठलंही कार्ड चालत नाही. पहिलं जीटीएक्स ९६० असेल तर दुसरंही ९६०च हवं, आणि पहिलं २ जीबीचं असेल तर दुसरंही २ जीबीचंच. कार्डावरचा ब्रँड वेगळा चालतो, चिप आणि मेमरी वेगळी चालत नाही. ९६० बाजारात आलं जानेवारी २०१५ मध्ये आणि त्याचं उत्पादन केव्हाच थांबलंय. मागणी इतकी नेमकी आणि माल इतका कमी, अशा वेळी ‘सीलबंद, नवं, १० नग शिल्लक’ अशी जाहिरात दिसली की हात शिवशिवतात. खरं तर तिथेच थांबायला हवं. बंद पडलेल्या मॉडेलचे दहा-दहा सीलबंद नग एकाच माणसाकडे येणार कुठून?

खोक्यातून निघतं ते बऱ्याचदा जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय, म्हणजे २०१०-११ ची फर्मी पिढीची कार्डं. त्यांच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार करून नाव ९६० चं आणि मेमरीचा आकडा हवा तितका लिहिलेला असतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरला तेच नाव दिसतं, त्यामुळे तिथे पाहून समाधान मानण्यात काही अर्थ नाही. खऱ्या ९६० मध्ये १०२४ कूडा कोर (चिपमधले आकडेमोड करणारे छोटे भाग) असतात, या दोन्हींमध्ये फक्त १९२. गंमत अशी की ब्रिज, म्हणजे दोन कार्डांना जोडणारा तुकडा, बसवायची सोनेरी पट्टी या जुन्या कार्डांवरही असते, म्हणून वरवर बघणाऱ्याला जोड जुळल्यासारखी वाटते.

पण हे पकडलं का जात नाही? कारण एसएलआय मुळातच नखरेल. कार्डं खरी असली तरी दहा ठिकाणी अडतं. घेणारा दोन्ही कार्डं बसवतो, ब्रिज लावतो, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडतो, तर एसएलआयचा पर्यायच नाही. विक्रेत्याला विचारलं की उत्तर तयार: ब्रिज बदलून बघा. मग मदरबोर्डावर शंका, मग पॉवर सप्लायवर. यातलं प्रत्येक कारण पटण्यासारखं असतं. दोन्ही स्लॉटना किमान ८-८ लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) मिळाल्या नाहीत तर एसएलआय खरोखरच चालू होत नाही, आणि अनेक स्वस्त बोर्डांचा दुसरा स्लॉट दिसायला लांब असला तरी आतून ४ लेनचाच असतो. घेणारा एकेक भाग बदलत बसतो आणि परतीची मुदत निघून जाते. ठगाला एवढंच हवं असतं.

म्हणून आलेलं कार्ड आधी एकटं तपासा, जोडी नंतर. आपलं जुनं कार्ड काढून बाजूला ठेवा, नवं प्रोसेसरजवळच्या पहिल्या स्लॉटमध्ये बसवा, ब्रिज पिशवीतच राहू द्या. सोबत सीडी आली असेल आणि ‘यातलाच ड्रायव्हर टाका’ असं बजावलं असेल तर संशय तिथेच पक्का करायला हरकत नाही. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर घाला. नकली कार्डावर तो बहुधा अडखळतो: एरर ४३ येतो, नाहीतर निळा पडदा.

मग जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाचा तपशील दाखवणारं सॉफ्टवेअर. २०१८ च्या २.१२ आवृत्तीपासून हे मोफत साधन अशी बरीच नकली कार्डं ओळखतं. नावाच्या आधी ‘फेक’ लिहून येतं आणि कंपनीच्या लोगोच्या जागी इशाऱ्याचा त्रिकोण दिसतो. आवृत्ती मात्र ताजी घ्या. तरी आकडे स्वतः ताडून पाहा: जीपीयू (म्हणजे चिप) जीएम२०६, २८ नॅनोमीटर, आरओपी ३२, टीएमयू ६४, बस १२८ बिट. बायोसची आवृत्ती ८४.०६ ने सुरू व्हायला हवी; ७० ने सुरू होणारी आवृत्ती फर्मीची. जुन्या कार्डाचे आकडे आधीच टिपून ठेवलेले असतील तर दोन मिनिटांचं काम.

मेमरीचं सोंग लोड दिल्यावर उघडं पडतं. नोंद २ किंवा ४ जीबीची असली तरी आत १ जीबीच असेल, तर वापर तिथवर पोचला की चित्र फाटतं किंवा मशीन गोठतं. एखादा गेम टेक्श्चर सर्वांत वर ठेवून अर्धा तास चालवा. हाच अर्धा तास दुसऱ्या एका ठगीवरही उपयोगी पडतो: मेलेलं कार्ड हीट गनने भाजून तात्पुरतं जिवंत केलेलं असतं, काही दिवस चालतं आणि पुन्हा पडद्यावर ठिपके सांडतात. कूलरचे स्क्रू ओरखडलेले किंवा चिपच्या कडेला फ्लक्सचा (डाख देताना लावायच्या रसायनाचा) चिकट डाग दिसला तर ते कार्ड ठेवू नका.

एनव्हिडियाच्या १० मालिकेत (१०५०, १०६०, १०८० वगैरे) एक खूण तर न उघडताच दिसते. त्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे ‘१०८०’ म्हणून आलेल्या कार्डाला निळं १५ पिनांचं व्हीजीए सॉकेट असेल तर पुढे तपासायचं काही उरत नाही. शिवाय १०६० आणि १०५० टीआयला एसएलआयची पट्टीच नाही. ‘एसएलआय चालतं’ म्हणून कोणी १०६० विकत असेल तर तो एकतर अडाणी आहे, नाहीतर लबाड.

(आता ही जोडी करावीच का, हा वेगळा वाद. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडिया जुन्या कार्डांसाठी नवे एसएलआय प्रोफाइल (एखादा गेम दोन कार्डांवर चालावा म्हणून ड्रायव्हरमध्ये दिलेली सेटिंग्ज) देत नाही, आणि २ अधिक २ जीबी म्हणजे गेमला ४ नव्हे, २ जीबीच मिळते.)

खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा. सील, अनुक्रमांकाचं स्टिकर आणि मागची सॉकेटं एकाच चित्रणात यायला हवीत. परतीचा अर्ज करताना ‘एसएलआय चालत नाही’ असं अजिबात लिहू नका. ती सुसंगततेची तक्रार ठरते आणि सरळ फेटाळली जाते. ‘जाहिरातीत जीएम२०६ होती, आलेल्या कार्डात जीएफ११६ (५५० टीआयची चिप) आहे’ एवढंच लिहा आणि जीपीयू-झेडचं चित्र जोडा.