एसीएल फाटलाय: ऑपरेशन की व्यायाम?

भाच्याचा एमआरआय आला, गुडघ्यातला एसीएल (मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा अस्थिबंध) पूर्ण फाटलेला. त्याचा प्रश्न एकच, "मामा, ऑपरेशन करू की फिजिओथेरपीवर भागेल?"

आधी वेळेचं बोलू. ऑपरेशन म्हणजे झटपट सुटका, हा मोठा गैरसमज आहे. मांडीमागची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा काढून नवा अस्थिबंध बसवतात. तो रुजायला महिने लागतात. मैदानावर परतायला किमान ९ महिने धरावेत, आणि व्यायाम तेव्हाही चुकत नाही. नुसत्या व्यायामाने रोजचे व्यवहार बरेच लवकर सुरळीत होतात, मात्र त्यात खंड पडून चालत नाही.

खरा फरक स्थैर्यात आहे. सरळ चालणं, सायकल, पोहणं अनेकांना एसीएलशिवायही जमतं, कारण मांडीचे स्नायू गुडघा सांभाळतात. गिरकी घेताना, दिशा बदलताना मात्र गुडघा निसटू शकतो, आणि तो वारंवार निसटला तर मेनिस्कसही (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटतो. मला याचीच जास्त काळजी वाटते.

स्वीडनमधल्या १२१ तरुणांच्या अभ्यासात (२०१०) लगेच ऑपरेशन केलेला आणि आधी व्यायाम करून पाहिलेला, अशा दोन्ही गटांचे गुडघे २ वर्षांनंतर जवळपास सारखेच होते. व्यायामाने सुरुवात केलेल्या ५९ पैकी २३ जणांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं.

पुढे सांध्याची झीज होण्याचा धोका दोन्हीकडे आहे.

फुटबॉल, कबड्डी खेळायचंच असेल, गुडघा निसटत असेल किंवा मेनिस्कस शिवण्याजोगा फाटला असेल, तर ऑपरेशन. बैठं काम, सरळ रेषेतले व्यायाम आणि स्थिर गुडघा असेल, तर आधी ३ महिने मनापासून फिजिओथेरपी.